मंगल, मुष्टिमल्ल आणि कापडाचा विटाळ

बौद्ध देशांतून जे जे येते ते ते धम्माचेच असते, अशी एक भाबडी समजूत अलीकडे आपल्या उपासकवर्गात मूळ धरू लागली आहे. तिचा उगम समजण्यासारखा आहे. १९५६ नंतरच्या पहिल्या दोन पिढ्यांना थायलंड, ब्रह्मदेश, श्रीलंका हे देश पुस्तकांत आणि नकाशांतच भेटले. आता तेथील भिक्खू आपल्या वस्त्यांतून चालत येतात. २०२३ च्या आरंभी ११० थाई भिक्खू अस्थिधातूंसह परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी गेले, तो प्रसंग मराठवाड्यातील माणसे अजून सांगतात. थायलंडमधून मूर्ती आल्या, त्यांच्यामागून मंतरलेले दोरे आले, ताईतवजा लॉकेटे आली आणि आता तेथील मुष्टियुद्धाचा खेळ, मुए थाई, आपल्या शहरांतील तरुणांपर्यंत येऊन पोहोचला आहे. खेळाबरोबर खेळाडूचा पोशाखही आला. प्रस्तुत लेखाचा विषय तो पोशाख आहे.

निमित्त सांगितले पाहिजे. गेल्या वर्षावासात विहारातील आमच्या पालि वर्गास येणाऱ्या एका विद्यार्थिनीने पिशवीतून एक वस्तू काढून आमच्यासमोर ठेवली. वळलेल्या दोरावर कापड गुंडाळून केलेले ते एक कडे होते. पुढे डोक्याला बसेल असा गोल आणि मागे शेपटासारखी लोंबणारी टोके. ही मुलगी छत्रपती संभाजीनगरातच मुए थाई शिकते. कड्याचे नाव 'मोंगखोन' आणि हा शब्द पालि 'मङ्गल' याचेच थाई रूप, हे तिने स्वतःच शोधून काढले होते. तिचा प्रश्न निराळाच होता. शिकविणाऱ्यांनी बजावले होते की, हे बौद्धांचे पवित्र शिरोबंधन आहे, भिक्खूंनी ते मंत्रून दिलेले असते आणि मासिक पाळीच्या दिवसांत मुलींनी त्यास हात लावावयाचा नाही. "सर, हे आपल्यात आहे का?" असे तिने विचारले. 'आपल्यात' या शब्दावर तिने दिलेला भार आम्हांस विसरता येत नाही.

आधी हा पोशाख नीट पाहू. थाई मुष्टियोद्धा रिंगणात येतो तेव्हा त्याच्या मस्तकी मोंगखोन, दंडांवर 'प्रचियत' नावाच्या कापडी पट्ट्या आणि गळ्यात फुलांच्या माळा असतात. लढतीपूर्वी तो 'वाय ख्रू' म्हणजे गुरुवंदना करतो. त्यातील 'ख्रू' हा शब्द आपल्या 'गुरू'चाच वंशज. त्यापुढे 'राम मुआय' नावाचे संथ नृत्य होते, आणि या सर्व वेळी सनई-ढोलांच्या कुळातील वाद्ये वाजत असतात. वंदना आटोपली की गुरू शिष्याच्या मस्तकावरून मोंगखोन आपल्या हाताने काढून घेतो. दंडावरच्या पट्ट्या मात्र लढत संपेपर्यंत राहतात. मोंगखोन शिष्याच्या मालकीचे नसते, ते गुरूचे किंवा त्याच्या आखाड्याचे असते. ते जमिनीवर ठेवीत नाहीत. प्रचियत ही मूळची सैनिकाची वस्तू. आईच्या नेसत्या वस्त्राची पट्टी फाडून लढाईस जाणाऱ्या मुलाने दंडास बांधावी, अशी जुनी रीत सांगतात.

हातमोजे ही मात्र अलीकडची भर आहे. पूर्वी योद्धे सुती दोर मुठींभोवती आवळून लढत. कोराटकडचे लोक तो कोपरापर्यंत गुंडाळीत, दक्षिणेकडील चैया परंपरेचे लोक मनगटाच्या आसपासच थांबत. कारण पहिल्यांचे प्रहार लांब फेकीचे आणि दुसऱ्यांचे जवळचे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोर बांधून झालेल्या एका लढतीत एक मल्ल मरण पावला. त्यानंतर दोर जाऊन मोजे आले. आज दिसणारी तांबडी-निळी आखूड चड्डी हीही आधुनिकच. त्याआधी कमरेचे वस्त्र पायांमधून मागे नेऊन खोचीत. त्या नेसण्यास तिकडे 'चोंग कबेन' म्हणतात. आपल्या आज्यांचा काष्टा आणि आजोबांचा कासोटा यांहून ते फारसे वेगळे नाही.

हा सगळा साज 'बौद्ध योद्ध्याचा पोशाख' म्हणून वर्णिण्याची प्रथा पडली आहे. या वर्णनाशी आमचे भांडण आहे. पालि वाङ्मयात मुष्टिमल्ल आहे. परंतु तो कोणत्या जागी उभा आहे हे कोणी पाहत नाही.

विनयपिटकातील चुल्लवग्गाचा खुद्दकवत्थुखंध उघडला की पहिल्याच प्रसंगात तो भेटतो. षड्वर्गीय भिक्खू स्नान करताना झाडांवर, खांबांवर अंग घासतात, आणि लोक कुरकुरतात की, हे श्रमण 'मल्लमुट्ठिकां'सारखे, अंग कमावणाऱ्या गावगुंडांसारखे वागतात. त्याच खंधकात थोडे पुढे कर्णभूषणे, कंठसूत्रे, कटिसूत्रे आणि 'कायूर' म्हणजे दंडातील कडी भिक्खूंना वर्ज्य केलेली आहेत. आणखी पुढे 'संवेल्लिय' नेसण्याचा निषेध येतो. हा शब्द उलगडताना समंतपासादिका सांगते की, मल्ल आणि कामकरी कच्छा मारून नेसतात तसे हे नेसणे. आजारी किंवा प्रवासी भिक्खूसही ते चालत नाही.

या स्पष्टीकरणावर आम्ही पुष्कळदा थांबलो आहोत. अट्ठकथाकाराने मल्ल आणि कामकरी यांना एकाच समासात बसविले आहे. कच्छा हे पावित्र्याचे वस्त्र नव्हते, ते कामाचे वस्त्र होते. ज्याला ओझे उचलावयाचे, चिखलात उतरावयाचे, किंवा दुसऱ्याला उचलून आपटावयाचे, त्याने पायात घोळणारे वस्त्र वर खोचले. आजही थायलंडमधील पुष्कळसे व्यावसायिक मुष्टियोद्धे ईशान्येकडील ईसान या भातशेतीच्या गरीब प्रदेशातून येतात आणि कोवळ्या वयात लढू लागतात, ते घराला हातभार लागावा म्हणून. समासातील दोन पदे अजून सुटलेली नाहीत. या पोशाखाकडे पाहणाऱ्याने त्यातील गूढ शोधण्यापूर्वी त्यातील श्रम पाहावेत, असे आमचे मत आहे.

दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात तर दंडयुद्ध, मुष्टियुद्ध आणि कुस्ती (पालि शब्द 'निब्बुद्ध') हे तमाशे पाहण्यापासूनही तथागत अलिप्त राहतात असे सांगितले आहे. घटजातकात मुट्ठिक आणि चाणूर हे दोन मल्ल कंसाच्या रंगणात ठार होतात. तेथे वासुदेवाचे भाऊ रंगणात येण्यापूर्वी रजकांची गल्ली लुटून रंगीत वस्त्रे नेसतात, गंध्याकडून गंध आणि माळ्याकडून माळा हिसकावतात. मल्लाची सजावट कोठून येते, यावर जातककाराने न बोलता केलेले हे भाष्यच म्हणावे लागेल. एवढ्यावरून मुष्टियुद्ध धम्मबाह्य आहे असा निवाडा देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु हे नियम भिक्खूंचे आहेत, त्या मुलीचे नाहीत. गृहस्थासाठी मङ्गलसुत्त 'सिप्प' म्हणजे हस्तगत केलेले कौशल्य हे मंगलच मानते. मात्र त्यावरील अट्ठकथा अशी अट घालते की, ते कौशल्य परपीडेपासून मुक्त असावे. मोजे, शिरस्त्राण, पंच आणि वैद्य यांच्या देखरेखीखाली चालणारा हौशी खेळ या अटीत बसतो की नाही, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पैजा लावून लहान मुलांना झुंजविणे बसत नाही, याविषयी आम्हांस शंका नाही.

आता मंगलाकडे वळू, कारण खरा घोळ तेथे आहे.

मङ्गलसुत्त आपल्या घराघरांत म्हटले जाते. देव आणि मनुष्य मंगल कशात आहे याचा विचार करीत असताना उत्तर म्हणून जे अडतीस विषय येतात, त्यांत एकही वस्तू नाही. दोरा नाही, कडे नाही, कापड नाही. संगत, आईवडिलांची सेवा, आदर, नम्रता, कृतज्ञता, क्षांती असे सारे आचरण आहे. या सुत्ताने जुना शब्द घेतला आणि त्यातील वस्तू काढून त्या जागी वर्तन ठेवले. मोंगखोनच्या प्रवासात नेमके याच्या उलट घडले: वर्तन निघून गेले आणि शब्द पुन्हा वस्तूवर जाऊन बसला. मोंगखोन आणि प्रचियत यांत जी यंत्रे घालतात ती पुष्कळदा खोम या जुन्या ख्मेर वळणाच्या लिपीत लिहिलेली पालि अक्षरे असतात. 'इतिपि सो' हे बुद्धगुणांचे स्मरण आपण वंदनेत अर्थासह म्हणतो. तेथे त्याची अक्षरे सुटी करून चौकटींत भरतात. पालिच्या अभ्यासकास याचे जे दुःख होते ते थोडे व्यावसायिक आहे, हे मान्य करून सांगतो: वाक्य मोडून त्याची जादू करणे म्हणजे भाषेचा सांगाडा पूजणे होय.

वस्त्र आणि मंगल यांविषयी बुद्धाची भूमिका कोणती, याचे उत्तर अनुमानाने काढावे लागत नाही. मंगलजातकाची प्रस्तावनाच त्यावर आहे. राजगृहातील एक धनाढ्य ब्राह्मण वस्त्रांवरून शुभाशुभ पाहणारा. त्याच्या पेटीतील वस्त्रांची जोडी उंदरांनी कुरतडली. ही घरात राहिली तर सर्वनाश होईल. दासांकडे द्यावी तर ते लोभाने ठेवून घेतील. म्हणून त्याने मुलाला सांगितले की, हात न लावता काठीवर उचलून ही श्मशानात टाकून ये. श्मशानाच्या दाराशी तथागत उभे होते. मुलाने वस्त्रे टाकली आणि ती त्यांनी उचलली. मुलगा ओरडला, हे अमंगल आहे, घेऊ नका. तथागत ती घेऊन वेळुवनाकडे निघून गेले. हे कळताच तो ब्राह्मण हादरला आणि श्रमण गौतमाचा नाश टाळावा म्हणून दुसरी वस्त्रे घेऊन मागे धावला. आपल्या वाचकांना या कथेत काठी दिसेल. हात न लावता काठीने ढकललेली वस्तू, वरून टाकलेली भाकर, दुरून ओतलेले पाणी यांची ओळख आपल्याला जातकातून करून घ्यावी लागत नाही.

परंतु याच परंपरेत दुसरीही एक कथा आहे, आणि तीच आम्हांस अधिक शिकविते. बोधिराजकुमाराने कोकनद प्रासादात पायऱ्यांपर्यंत शुभ्र वस्त्र अंथरले आणि भगवंतांनी त्यावर पाऊल ठेवावे अशी विनंती केली. भगवंतांनी पाऊल ठेवले नाही; वस्त्र गुंडाळावे लागले आणि भिक्खूंनी अंथरलेल्या वस्त्रावर चालू नये असा नियम झाला. पुढे गर्भपात झालेल्या एका स्त्रीने भिक्खूंना घरी बोलाविले, वस्त्र अंथरले आणि मंगलासाठी यावर पाय ठेवा अशी याचना केली. नियमाच्या धाकाने भिक्खू कचरले. ती दुःखाने बोलली. ते कानी पडताच भगवंतांनी अनुज्ञा दिली की, गृहस्थ मंगलासाठी याचना करीत असतील तर वस्त्रावर पाय ठेवावा. राजकुमाराच्या इच्छेपुढे न वाकलेला नियम गर्भ गमावलेल्या स्त्रीच्या दुःखापुढे वाकला. शिंकेवर 'जिवंत राहा' म्हणण्याच्या बाबतीतही असेच झाले: अशा शब्दांनी कोणी जगते वा मरते काय, असे विचारून भिक्खूंना ते बंद केले, पण गृहस्थ म्हणाले तर त्यांचे मन न मोडता उत्तर देण्यास मोकळीक ठेवली.

म्हणून आईच्या वस्त्राची पट्टी दंडास बांधणाऱ्या मुलाला आम्ही अंधश्रद्ध म्हणून हिणविणार नाही. मस्तकावरचे कडे गुरूच्या हातून चढते आणि गुरूच्याच हातून उतरते, यात जी कृतज्ञता आहे ती मङ्गलसुत्तातील 'कतञ्ञुता'च होय. तिला यंत्राची गरज नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दैवी चमत्कारावरील विश्वासाला अधम्म ठरविले. ती कसोटी कड्यातील मंत्रावर लागू होते, गुरूला वाकून केलेल्या वंदनेवर नाही.

आणि विटाळ? येथे आमच्या भाषेत सौम्यपणा राहत नाही. थायलंडमधील मोठ्या रिंगणांची रीत अशी होती की, स्त्रीने रिंगणास स्पर्श करू नये. जेथे स्त्रियांना लढू दिले जाई तेथेही पुरुष वरच्या दोरावरून आत शिरे आणि स्त्रीने सर्वांत खालच्या दोराखालून सरपटत यावे; आत आल्यावरच तिच्या मस्तकी मोंगखोन चढे. १९५६ साली उभ्या राहिलेल्या बँकॉकच्या लुम्पिनी क्रीडागारात स्त्रियांची पहिली लढत झाली ती २०२१ च्या नोव्हेंबरात. पासष्ट वर्षे लागली. या बंदीचे समर्थन करताना काही जण विनयाकडे बोट दाखवितात: भिक्खूने स्त्रीला स्पर्श करावयाचा नसतो, म्हणून भिक्खूने मंत्रिलेल्या वस्तूलाही तिने शिवू नये. हे विनयाचे वाचन नव्हे. संघादिसेसातील कायसंसर्गाचा नियम भिक्खूच्या रागयुक्त चित्ताविषयी आहे. दोष असला तर तो त्याच्या मनात आहे, तिच्या देहात नाही. भिक्खुनीसंयुत्तात सोमा थेरीला मार डिवचतो की, दोन बोटांच्या अकलेच्या स्त्रीला ते पद कोठून मिळणार. त्यावर ती जे उत्तर देते त्याचा आशय असा की, चित्त सुसमाहित असता स्त्रीत्वाने काय अडते? ज्या देशाने हे सुत्त तालपत्रांवर जतन केले त्याच देशात दोराखालून सरपटणे चालू राहिले, ही विसंगती थाई बौद्धांनीही नोंदविली पाहिजे. ती नोंदविल्याने थेरवादाचा अपमान होत नाही.

आपण मात्र वरच्या दोरावर उभे राहून हे सांगू शकत नाही. महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेचे पहिले अधिवेशन १९६१ साली याच औरंगाबादेत भरले आणि सांगलीचे दिनकर दह्यारी विजयी झाले, याचा आपल्या शहराला अभिमान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले. आपल्या पैलवानाचा साजही कमी बोलका नाही. लंगोट, त्यावर चड्डी, अंगाला लागलेली ताक-तेल-हळद मुरवलेली तांबडी माती. वस्ताद नव्या पठ्ठ्याला लंगोट देतो तो दीक्षा दिल्यासारखा, आणि 'लंगोटाचा पक्का' या शब्दप्रयोगात वस्त्राचे ब्रह्मचर्य होऊन जाते. तालमीत हनुमानाची तसबीर असते, मातीला पाया पडून उतरतात, आणि त्या मातीत बाईने पाऊल टाकावयाचे नाही हा अलिखित कायदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. तोही कायदा 'पावित्र्या'च्याच नावाने. गावोगावच्या तालमींची दारे कोणत्या पोरांना उघडी होती आणि कोणाला नव्हती, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. स्त्रियांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथम भरली ती २०२३ साली, सांगलीत. लुम्पिनीनंतर दोन वर्षांनी.

आणखी एक गोष्ट लिहिणे अप्रिय असले तरी टाळता येत नाही. महापरित्राणपाठानंतर आपल्या मनगटावर जो पांढरा दोरा बांधला जातो, त्याचे आपण काय केले आहे? मुष्टियोद्ध्याच्या कड्यातील मंतरलेला धागा आणि हा धागा एकाच परंपरेतले आहेत. बाबासाहेबांनी येथील महाविद्यालयास मिलिंदाचे आणि परिसरास नागसेनाचे नाव दिले. त्या मिलिंदपञ्हात राजाने हाच प्रश्न नागसेनास घातला आहे: परित्त रक्षण करते, तर माणसे मरतात कशी? नागसेन परित्त नाकारीत नाही; पण ज्याचे आयुष्य सरले त्याला ते वाचवीत नाही असे स्वच्छ सांगतो, आणि पूर्वकर्म, क्लेश व अश्रद्धा हे त्याचे अडथळे म्हणून मोजून दाखवितो. म्हणजे दोऱ्याला स्वतःची अशी शक्ती तेथेही दिलेली नाही. आमच्या परिचयातील काही सुशिक्षित कुटुंबांत परीक्षेच्या दिवशी तो दोरा सुटला म्हणून रडारड झालेली आम्ही पाहिली आहे. थाई योद्ध्याच्या यंत्राला हसण्यापूर्वी आपण आपले मनगट पाहावे.

त्या विद्यार्थिनीस आम्ही वर्गातच उत्तर दिले. कडे हातात घेतले, तिच्या हातात दिले, वर्गातील सर्व मुलींच्या हातांतून फिरविले. त्या दिवशी कोणाला पाळी होती याची चौकशी कोणी केली नाही. गुरुवंदनेच्या वेळी ते घालावयाचे की नाही, हे तिने ठरवावे. घातले तर गुरूबद्दलच्या आदराने घालावे, रक्षणाच्या आशेने नाही. आणि पाळीची अट जर पुन्हा कोणी घातली तर कडे त्यांना परत करून नुसते हात जोडून वंदना करावी, ती पूर्ण होते, एवढे सांगितले. तिने मग दंडावरच्या पट्टीचे विचारले. तिला आईच्या साडीची पट्टी बांधावयाची होती. त्यात यंत्र नव्हते, मंत्र नव्हता. आम्हांस हरकत घेण्यासारखे काही आढळले नाही. पुढे तिने येऊन सांगितले की, आईला जुनी, धुऊन धुऊन विरलेली साडी फाडणे पसंत नव्हते, पहिल्याच ठोशाला तुटेल म्हणाली. शेवटी चांगल्या साडीचा काठ कापावा की नाही, यावर मायलेकींची दोन दिवस बोलणी चालली आणि काठ मिळाला.